मिगेल मुन्योझ

पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या मैदानावर फुटबॉलचे आंतरवर्गीय सामने होतात, तेव्हां एक गोष्ट दर वर्षीं आमच्या दृष्टीस पडते. सामना संपला कीं ज्या मुलानें गोल केला असेल त्याला त्याचे सोबती खांद्यावर घेतात, त्याच्या नांवाचा जयघोष करतात, आणि घरीं गेल्यावर आईबापांच्या कानीं प्रथम त्याचेंच नांव पडतें. परंतु ज्या हाफबॅकनें प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेतला, क्षणभर मान वर करून आपला कोण गडी मोकळा आहे हें पाहिलें, आणि चिखलांतून तो चेंडू नेमका त्याच्या पायाशीं पोंचविला, तो मुलगा त्या वेळीं नळावर आपले पाय धूत उभा असतो. त्याच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

अशाच एका हाफबॅकचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. स्पेन देशांतील रेआल माद्रिद या क्लबच्या वैभवकाळाचा इतिहास वाचूं लागलें असतां दि स्तेफानो, पुश्काश, हेंतो हीं नांवें पानोपानीं भेटतात. मिगेल मुन्योझ हें नांव त्या मानानें क्वचित् भेटतें. तथापि त्याच काळांत युरोपीय चषक दोन वेळां कर्णधार म्हणून हातीं घेणारे, आणि पुढें तोच चषक दोन वेळां प्रशिक्षक म्हणून आपल्या क्लबला मिळवून देणारे गृहस्थ हेच होत. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनीं तो चषक जिंकण्याचा मान सर्वांत प्रथम त्यांनीं मिळविला. हें ऐकून एखादा चाणाक्ष विद्यार्थी लगेच शंका काढील कीं, एवढे थोर खेळाडू हाताशीं असल्यावर कोणीही जिंकला असता. त्यांत प्रशिक्षकाचें कर्तृत्व तें काय? शंका योग्य आहे. तिचें उत्तर आम्ही आपल्या पदरचें न देतां मुन्योझ यांच्या चरित्रांतूनच शोधूं.

मुन्योझ यांचा जन्म १९ जानेवारी १९२२ रोजीं माद्रिद शहरीं झाला. ते चौदा वर्षांचे असतां, १९३६ च्या जुलै महिन्यांत, स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत शत्रुसैन्य माद्रिदच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलें, आणि १९३९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीपर्यंत त्या शहराचा वेढा उठला नाहीं. आयुष्यांतील जीं वर्षें शाळेचीं आणि मैदानाचीं, तीं माद्रिदच्या मुलांनीं बाँबच्या आवाजांत आणि अन्नाच्या टंचाईंत काढलीं. देशांतील लीग स्पर्धाही तीन वर्षें बंद पडली होती. युद्ध संपलें तेव्हां मुन्योझ सतरा वर्षांचे होते. ज्या पिढीला पोटभर भाकरी मिळणें हेंच आधीं कठीण, त्या पिढींतून हा खेळाडू वर आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

माद्रिदचा हा मुलगा माद्रिदच्या मोठ्या क्लबांत एकदम शिरला नाहीं. प्रथम लोग्रोन्यो येथील, मग उत्तर किनाऱ्यावरील सान्तान्देर येथील, आणि १९४६ पासून विगो बंदरांतील सेल्ता या क्लबकडून तो खेळला. १९४८ सालीं सेल्ता क्लब स्पेनच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. हा सामना माद्रिदमध्येंच झाला. त्यांत सेव्हिया क्लबनें सेल्ताचा ४-१ असा पराभव केला. सेल्ताचा तो एकुलता एक गोल मुन्योझ यांचा होता. त्याच वर्षीं रेआल माद्रिदनें त्यांना आपल्याकडे घेतलें. अशा रीतीनें सव्विसाव्या वर्षीं, तीन परक्या गांवांचें पाणी पिऊन, ते आपल्या जन्मगांवीं परतले.

त्या वेळचें रेआल माद्रिद आजच्यासारखें नव्हतें. १९३३ नंतर त्याला लीग स्पर्धा एकदांही जिंकतां आली नव्हती. क्लबचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेउ यांनीं मोठें नवें क्रीडांगण बांधलें होतें व तें १९४७ च्या डिसेंबरांत उघडलेंही होतें. परंतु क्रीडांगणाच्या मोठेपणास साजेल असा संघ उभा राहावयाचा होता.

येथें हाफबॅकचें काम काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण पालकांपैकीं ज्यांनीं हा खेळ खेळला नसेल त्यांस त्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म कळणार नाहीं. त्या काळीं बहुतेक संघांत गोलकीपरपुढें तीन बॅक, त्यांच्यापुढें दोन हाफबॅक, त्यांच्यापुढें दोन इनसाइड फॉरवर्ड आणि सर्वांत पुढें तीन फॉरवर्ड अशी रचना असे. मागच्यांनीं अडवावें, पुढच्यांनीं गोल करावा, आणि मधल्यांनीं मागचा चेंडू पुढें न्यावा व तो हातचा गेला कीं धांवत मागें यावें, असा तो क्रम. हाफबॅकला दोन्ही दिशांकडे लक्ष ठेवावें लागतें. त्याची चूक झाली तर ती सर्वांस तत्काळ दिसते. त्याचें काम नीट झालें तर तें दुसऱ्याच्या कामांत मिसळून जातें. मुन्योझ यांनीं हें काम माद्रिदमध्यें दहा वर्षें केलें. स्पेनच्या राष्ट्रीय संघांतूनही ते सात वेळां खेळले.

१९५३ मध्यें आल्फ्रेदो दि स्तेफानो हे आर्जेंटिनाचे अद्वितीय खेळाडू माद्रिदला आले, आणि पाको हेंतो हा एकोणीस वर्षांचा चपळ मुलगाही त्याच वर्षीं आला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९५४ सालीं, क्लबनें एकवीस वर्षांनंतर लीग स्पर्धा जिंकली. १९५५, १९५७ आणि १९५८ या वर्षींही ती त्यांनींच जिंकली. दि स्तेफानो यांच्यासारखा पुरुष संघांत आला म्हणजे जुन्या खेळाडूंपुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो. काल जो मान आपणांस होता तो आज नव्या माणसाकडे जातो. अशा वेळीं कोणी रुसतो, कोणी संघ सोडतो. मुन्योझ यांनीं आपल्या जागेवर राहून चेंडू पुरविण्याचें काम चालू ठेविलें, आणि संघाचें कर्णधारपदही त्यांजकडे आलें.

१९५५ सालीं युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या सोळा क्लबांची एक स्पर्धा नव्यानें सुरू झाली. पॅरिसच्या एका क्रीडाविषयक वृत्तपत्रानें ती कल्पना पुढें मांडली होती. हीच युरोपीय चषकाची स्पर्धा होय. ८ सप्टेंबर १९५५ रोजीं जिनीव्हा येथें सेर्वेत संघाशीं माद्रिदचा पहिला सामना झाला. पूर्वार्धांत गोल झाला नाहीं. उत्तरार्धांत जो पहिला गोल झाला तो दि स्तेफानो यांचा नव्हता, हेंतोचाही नव्हता. तो हाफबॅक मुन्योझ यांचा होता. या स्पर्धेंत रेआल माद्रिदनें पुढें जे शेंकडों गोल केले, त्यांतील पहिला हा. दैव कधीं कधीं पडद्यामागच्या माणसालाही पुढें आणतें, तें असें.

१३ जून १९५६ रोजीं पॅरिस येथें अंतिम सामना झाला. प्रतिपक्षीं फ्रान्समधील रॅंस शहराचा संघ होता. खेळ सुरू होऊन दहा मिनिटें झालीं नाहींत तोंच फ्रेंचांनीं दोन गोल केले. पहिला चषक, परकें शहर, विरुद्ध बाजूचे प्रेक्षक, आणि दोन गोलांची पिछाडी! संघ खचण्याचीच ही वेळ. परंतु दि स्तेफानो यांनीं एक गोल फेडला, रियाल यांनीं दुसरा फेडला. उत्तरार्धांत फ्रेंच पुन्हां पुढें गेले. तेव्हां मार्कितोस या बॅकनें पुढें घुसून बरोबरी साधली, आणि अखेर रियाल यांनीं आणखी एक गोल करून सामना ४-३ असा जिंकून दिला. चषक कर्णधार मुन्योझ यांच्या हातीं आला. पुढील वर्षीं अंतिम सामना माद्रिदमध्येंच झाला. त्यांत इटलीच्या फिओरेन्तिना संघाचा २-० असा पराभव करून मुन्योझ यांनीं दुसऱ्यांदां चषक घेतला. १९५८ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं खेळणें थांबविलें.

ज्याच्या हातांत युरोपचा चषक दोनदां आला, त्यानें कोणत्याही मोठ्या क्लबाकडे जाऊन मोठें पद मागावें, यांत नवल नव्हतें. मुन्योझ यांचा मार्ग निराळा होता. १९५९ मध्यें मुख्य संघाची जबाबदारी अल्पकाळापुरती त्यांजकडे आली. ती संपतांच ते प्लस अल्ट्रा नांवाच्या, क्लबच्या दुय्यम संघाकडे गेले आणि तेथील अपरिचित मुलांस शिकवूं लागले. आपण कर्णधार होतों ही गोष्ट बाजूस ठेवून शिक्षकाचें काम मुळारंभापासून शिकावयाचें, असा तो काळ. पुढें ज्या तरुणांनीं त्यांना तारिलें, ते अशाच लहान संघांतून वर आलेले होते, हें आपण पुढें पाहूं.

१९६० चा एप्रिल महिना उजाडला तेव्हां मुख्य संघ संकटांत होता. लीग स्पर्धेंत माद्रिद व बार्सेलोना यांचे गुण सारखे झाले, आणि गोलांच्या सरासरीवर बार्सेलोनानें ती जिंकली. माद्रिदचे त्या वेळचे प्रशिक्षक पदावरून दूर झाले. थोड्याच दिवसांवर युरोपीय चषकाचा उपांत्य सामना येऊन ठेपला होता, आणि तोही त्याच बार्सेलोनाशीं. अशा प्रसंगीं अडतीस वर्षांच्या मुन्योझ यांस बोलावण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं जे वर्गाचे मॉनिटर झाले असतील त्यांस यांतील अडचण चटकन कळेल. काल ज्याच्या शेजारीं बसून डबा खाल्ला, त्यालाच आज गप्प बसावयास सांगावें लागतें. आणि तो हंसला तर मॉनिटरपण तेथेंच संपतें. मुन्योझ यांच्या संघांत दि स्तेफानो होते, हेंतो होते. शिवाय हंगेरीचे जगप्रसिद्ध खेळाडू पुश्काश १९५८ पासून आले होते. या पुरुषांस चेंडू कसा मारावा हें शिकविणें म्हणजे माशाला पोहावयास शिकविण्यासारखें होतें. त्यांची शक्ति एकमेकांविरुद्ध न जातां एका दिशेनें जावी एवढेंच प्रशिक्षकाच्या हातीं होतें; आणि पाहूं गेलें तर हाफबॅकचें काम तरी याहून निराळें कोठें असतें?

बार्सेलोनाचा दोन्ही सामन्यांत ३-१ असा पराभव झाला. नंतर १८ मे १९६० रोजीं ग्लासगो येथील हॅम्डेन पार्कवर, एक लक्ष सत्तावीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, जर्मनीच्या आइन्त्राख्त फ्रांकफुर्ट संघाशीं अंतिम सामना झाला. याच जर्मन संघानें उपांत्य फेरींत ग्लासगोच्या रेंजर्स संघाला दोन सामन्यांत मिळून बारा गोल मारले होते. पहिला गोलही जर्मनांनींच केला. त्यानंतर मात्र जें घडलें तें पाहणारे जन्मभर विसरले नाहींत. पुश्काश यांनीं चार आणि दि स्तेफानो यांनीं तीन असे गोल करून माद्रिदनें ७-३ असा विजय मिळविला. त्या सातांत प्रशिक्षकाचा गोल अर्थातच एकही नव्हता.

येथपर्यंतच्या हकीकतीवरून आरंभींची शंका खरीच ठरते, असें कोणी म्हणेल. आणि पुढील कांहीं वर्षें तिला आणखी बळ देतील. कारण स्पेनची लीग स्पर्धा १९६१ पासून १९६५ पर्यंत सलग पांच वर्षें माद्रिदनें जिंकली खरी, परंतु युरोपीय चषक हातीं येईना. १९६० च्या अखेरीस बार्सेलोनानें त्यांस आरंभींच्या फेरींतच बाहेर काढलें. १९६२ सालीं ॲम्स्टरडॅम येथील अंतिम सामन्यांत पुश्काश यांनीं तीन गोल केले, तरीही पोर्तुगालच्या बेन्फिका संघानें ५-३ असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल युसेबिओ या वीस वर्षांच्या मुलाचे होते. २७ मे १९६४ रोजीं व्हिएन्ना येथें इटलीच्या इंटर मिलान संघानें माद्रिदला ३-१ असें हरविलें. थोर खेळाडू तेच होते. त्यांचीं वर्षें मात्र वाढलीं होतीं. पुश्काश आणि दि स्तेफानो दोघेही सदतीस वर्षांचे झाले होते.

व्हिएन्नाच्या त्या पराभवानंतर मुन्योझ यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण घटका आली. डावपेचांविषयीं दि स्तेफानो आणि प्रशिक्षक यांच्यांत तीव्र मतभेद झाला. ज्यानें अकरा वर्षें क्लबला वैभव दिलें, ज्याच्या पायाशीं मुन्योझ यांनीं स्वतः पांच वर्षें चेंडू पोंचविला, तोच हा मित्र. त्यास खेळावयास ठेवावें, तर संघ म्हातारा होतो; दूर करावें, तर कृतघ्नपणाचा दोष येतो. क्लबनें दि स्तेफानो यांस खेळाडू म्हणून न ठेवतां दुसरें काम देऊं केलें. त्यांनीं तें नाकारिलें, आणि ते बार्सेलोना शहरांतील एस्पान्योल क्लबकडे निघून गेले. या निर्णयाचें ओझें अध्यक्ष बेर्नाबेउ यांच्याबरोबर मुन्योझ यांनींही उचललें. हें काम अधिक हळुवारपणें करतां आलें असतें काय, याविषयीं मतभेद राहतील. दि स्तेफानो दुखावले गेले, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याच क्लबचे प्रशिक्षक म्हणून ते १९८२ सालीं परत आले, तोंवर मध्यें अठरा वर्षें गेलीं होतीं. चरित्रनायकाच्या हातून कोणाचेंच मन दुखावलें नाहीं असें लिहिणें सोपें असतें. पण ज्याच्यावर अकरा जणांची जबाबदारी असते, त्याला कधीं कधीं एका मित्राचें मन मोडावें लागतें, आणि त्याची खंत आपल्यापाशींच ठेवावी लागते.

आतां प्रशिक्षकाची खरी परीक्षा सुरू झाली. थोर नांवें गेलीं होतीं. त्यांच्या जागीं परदेशांतून नवीं आणावीं, तर १९६२ पासून स्पेनमध्यें परदेशी खेळाडू घेण्यास बंदी होती. तेव्हां मुन्योझ यांनीं देशांतल्याच तरुणांकडे पाहिलें. आमान्सियो, पिर्री, ग्रोसो, वेलास्केस, सोको, सांचीस, सेरेना अशीं हीं नवीं नांवें होतीं. त्यांतील कांहीं क्लबच्याच लहान संघांत वाढलेले होते. त्यांचे केस लांब, गाणीं इंग्लंडच्या बीटल्स मंडळींचीं. वृत्तपत्रांनीं त्या गाण्यांतल्या आरोळीवरून त्यांस ‘ये-ये’ हें नांव ठेविलें. जुन्या वळणाच्या पुष्कळांस तीं मुलें उथळ वाटलीं असतील. यादवी युद्धाच्या वेढ्यांत वाढलेल्या प्रशिक्षकानें त्यांचे केस मोजले नाहींत. त्यांचा खेळ पाहिला.

१९६६ च्या उपांत्य फेरींत पुन्हां इंटर मिलान समोर आला. हा संघ लागोपाठ दोन वर्षें चषक जिंकलेला होता. माद्रिदमध्यें १-० असा विजय मिळवून आणि मिलानमध्यें १-१ अशी बरोबरी करून त्या मुलांनीं त्याला बाहेर काढलें. ११ मे १९६६ रोजीं ब्रसेल्स येथें बेलग्रेडच्या पार्तिझान संघाशीं अंतिम सामना झाला. उत्तरार्धांत पार्तिझाननें पहिला गोल केला. वीस मिनिटें शिल्लक असतां आमान्सियो यानें तो फेडला, आणि थोड्याच वेळांत सेरेना यानें लांबून जोरानें मारलेला चेंडू जाळ्यांत गेला. सामना २-१ असा संपला. माद्रिदच्या त्या अकरा जणांपैकीं अकराही स्पेनचे होते. ग्लासगोच्या विजयी संघांतील हेंतो आणि पाचीन हे दोघेच त्यांत उरले होते, आणि कर्णधार हेंतो यांचा तो सहावा चषक होता.

आरंभीं काढलेल्या शंकेचें उत्तर आम्हांस ब्रसेल्सच्या या सामन्यांत दिसतें. ग्लासगोला मुन्योझ यांस तयार पीक कापावयास मिळालें होतें, हें मान्य. ब्रसेल्सला त्यांनीं जें कापलें, तें स्वतः पेरलेलें होतें. नांगरणी, पेरणी आणि दोन वर्षें आभाळाकडे पाहत धीर धरणें, हें सर्व त्यांतच आलें.

याच संघानें १९६७, १९६८ आणि १९६९ या वर्षीं लीग स्पर्धा जिंकली, आणि १९७२ सालीं आणखी एकदां. अशा रीतीनें मुन्योझ यांच्या हाताखालीं माद्रिदनें नऊ वेळां लीग जिंकली. स्पेनमध्यें इतका विक्रम दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकानें अद्याप केलेला नाहीं. राष्ट्रीय चषकही त्यांनीं १९६२ आणि १९७० या दोन वर्षीं मिळविला. पण काळ कोणासाठींच थांबत नाहीं. १९७१ सालीं चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना अथेन्स येथें झाला. त्यांत लंडनच्या चेल्सी संघाशीं पहिल्या दिवशीं बरोबरी झाली व फेरसामन्यांत २-१ असा पराभव झाला. पुढें संघाची घडी विस्कटूं लागली, आणि १९७४ च्या जानेवारींत हंगाम अर्धा झाला असतां मुन्योझ पदावरून दूर झाले. पावणेचौदा वर्षें आणि सहाशेंहून अधिक सामने त्यांनीं सलग एकाच क्लबचा संघ सांभाळला होता. दि स्तेफानो यांस ज्या दारानें जावें लागलें, त्याच दारानें आज तेही बाहेर पडले.

बावन्न वर्षांच्या माणसानें यानंतर आपल्या कीर्तीवर सुखानें दिवस काढावे, तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. मुन्योझ लहान क्लबांकडे गेले. ग्रानादा क्लबकडे त्यांनीं १९७५-७६ चा हंगाम काढला, आणि त्या हंगामाच्या अखेरीस तो क्लब खालच्या वर्गांत उतरला. नऊ वेळां पहिला आलेल्या शिक्षकाच्या वर्गाचा निकाल असाही लागूं शकतो. नंतर अटलांटिक महासागरांतील कॅनरी बेटांवरील लास पाल्मास क्लब त्यांनीं हातीं घेतला. त्या बेटावरचा संघ १९७८ सालीं राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यास पोंचला. सामना माद्रिदमध्यें, बेर्नाबेउ यांच्या नांवाच्या त्याच क्रीडांगणावर झाला. बार्सेलोनानें तो ३-१ असा जिंकला. तीस वर्षांपूर्वीं सेल्ताचा गडी म्हणून याच शहरीं मुन्योझ अंतिम सामना हरले होते. आज पुन्हां एका लहान क्लबच्या बाजूस उभे राहून ते हरले. त्यानंतर सेव्हिया येथें त्यांनीं काम केलें.

१९८२ सालीं जागतिक स्पर्धा स्पेनमध्येंच भरली, आणि यजमान संघाची कामगिरी निराशाजनक ठरली. लोक चिडलेले, खेळाडू खजील झालेले, अशा स्थितींत राष्ट्रीय संघाची जबाबदारी साठीला आलेल्या मुन्योझ यांजकडे सोंपविण्यांत आली. युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेंत प्रवेश मिळविण्यासाठीं २१ डिसेंबर १९८३ रोजीं सेव्हिया येथें माल्टाशीं शेवटचा सामना होता, आणि तो अकरा गोलांच्या फरकानें जिंकणें आवश्यक होतें. त्यावांचून हॉलंडचा संघ पुढें जाणार होता. आरंभींच सेन्योर या खेळाडूची पेनल्टी किक खांबाला लागून फुकट गेली. मध्यंतरास स्पेनचे गोल होते तीन आणि माल्टाचा एक. म्हणजे उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत नऊ गोल करावयाचे! ते नऊ गोल झाले. सामना १२-१ असा संपला. आणि बारावा गोल ज्यानें केला तो तोच सेन्योर होता, ज्याची पेनल्टी किक वांया गेली होती. एका लहानशा बेटाच्या संघाला बारा गोल मारणें ही मोठी फुशारकीची गोष्ट आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आरंभीं चुकलेला गडी अखेरपर्यंत मैदानावर राहिला आणि काम त्याच्याच हातून पुरें झालें, ही गोष्ट परीक्षेंत पहिला पेपर बिघडलेल्या प्रत्येक मुलानें ध्यानांत ठेवावी.

या संघानें १९८४ सालीं फ्रान्समध्यें पश्चिम जर्मनीला शेवटच्या मिनिटास हरविलें, डेन्मार्कला पेनल्टी किकांवर मागें टाकलें, आणि २७ जून रोजीं अंतिम सामना गांठला. सामना पॅरिसमध्यें, पार्क दे प्रँस येथें होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं याच जागेवर मुन्योझ यांनीं पहिला युरोपीय चषक हातीं घेतला होता. मधल्या काळांत जुनें क्रीडांगण पाडून नवें बांधलें गेलें होतें, आणि चौतीस वर्षांचा कर्णधार बासष्ट वर्षांचा प्रशिक्षक झाला होता. फ्रान्सच्या प्लातिनी यांनीं मारलेली एक फ्री किक स्पेनचा कर्णधार व गोलकीपर आर्कोनादा याच्या हातीं आली; पण ती अंगाखालून निसटून रेषेपार गेली. फ्रान्सनें तो सामना २-० असा जिंकला. आर्कोनादाच्या उत्कृष्ट खेळावांचून स्पेन तेथवर पोंचलेंच नसतें. तरी त्याचें नांव निघालें कीं लोकांस तो एक निसटलेला चेंडूच आठवतो. मागें राहून काम करणाऱ्यांचा जगाकडून असाच हिशेब होतो.

१९८६ सालीं मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेंत स्पेननें डेन्मार्कला ५-१ असें हरविलें. त्यांतील चार गोल बुत्रागेन्यो यांचे होते. पुढील सामन्यांत बेल्जियमशीं बरोबरी होऊन पेनल्टी किकांवर स्पेनचा पराभव झाला. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेंत संघ पहिल्याच फेरींत बाहेर पडला, आणि मुन्योझ यांनीं पद सोडलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६ जुलै १९९० रोजीं, माद्रिद येथें ते वारले. त्या वेळीं त्यांचें वय अडुसष्ट वर्षांचें होतें.

आजच्या मुलांस ग्वार्दिओला यांचें नांव ठाऊक आहे. तेही स्पेनचे, तेही मधल्या फळींतले, आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनीं त्यांनींही युरोपीय चषक जिंकिला. माद्रिदच्या झिदान यांनींही तेंच केलें. ही वाट आतां रुळलेली दिसते. ती प्रथम मुन्योझ चालले.

त्यांच्या चरित्रांत आम्हांस जें घेण्यासारखें वाटतें, तें चषकांच्या संख्येंत नाहीं. चेंडू आपल्यापाशीं आला कीं तो कोणाला द्यावा, हें पाहण्याची संवय त्यांनीं तरुणपणीं पायांस लाविली, आणि पुढें पाय थकल्यावरही ती सोडली नाहीं. मोठ्यांचें मोठेपण त्यांस बोंचलें नाहीं. लहानांचें लहानपण त्यांनीं अव्हेरलें नाहीं. त्यांच्याहि हातून मनें दुखावलीं, त्यांचेही संघ हरले आणि खालीं उतरले. तरी दुसरें काम समोर आलें तेव्हां तें त्यांनीं हातीं घेतलें. घरोघरीं अशीं माणसें असतात. पहाटे उठून डबा भरून देणारी आई, फीचे पैसे वेळेवर भरतां यावे म्हणून जादा पाळी करणारा बाप, यांचीं नांवें निकालपत्रावर छापलीं जात नाहींत.

येत्या पावसाळ्यांत सामने पुन्हां सुरू होतील. गोल करणाऱ्यास अवश्य खांद्यावर घ्या. त्याचा तो मान आहे. परंतु त्याला खालीं उतरविल्यावर एकवार नळाकडेही जा, आणि तेथें पाय धूत उभा असलेल्या मुलास विचारा कीं, तो चेंडू त्यानें कोठून काढून दिला होता.